निवडायला शाळा तर हवी!

आज 27 फेब्रुवारी. कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन. नाशिकमध्ये हा दिवस इतर शहरांपेक्षा अंमळ जास्तच जिव्हाळ्याने साजरा होतो, कारण कुसुमाग्रज इथलेच. पिंपळगाव बसवंतला त्यांचे प्राथमिक शिक्षण झाले आणि पुढे ते नाशिकच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये, म्हणजे आजच्या रुंग्टा हायस्कूलमध्ये शिकले. आज ग्रंथदिंड्या निघतील, फळ्यांवर कविता लिहिल्या जातील, भाषणे होतील. नेमके हेच दिवस शाळाप्रवेशाचेही. दिंडीतल्या मुलाचा फोटो काढणाऱ्या आईच्या त्याच मोबाइलमध्ये धाकट्याच्या प्रवेश अर्जाची शेवटची तारीख, व्हॅनवाल्या काकांचा नंबर आणि फीच्या हप्त्यांचा तक्ता असतो. भाषेचा अभिमान आणि शाळेचा निर्णय असे हातात हात घालून समोर येतात, पण त्यांची एकमेकांशी गाठ क्वचितच पडते. म्हणून आजच्या दिवशी भाषेच्या थोरवीपेक्षा या दुसऱ्या गोष्टीबद्दल बोलणे आम्हाला अधिक निकडीचे वाटते: मुलाला कोणत्या शाळेत घालायचे, हे नक्की ठरवते कोण?

कागदावर याचे उत्तर सोपे आहे. पालक ठरवतात. 10 डिसेंबर 1948 रोजी संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेल्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील 26व्या कलमाने मुलाला कोणते शिक्षण द्यायचे हे निवडण्याचा पहिला हक्क आईवडिलांना दिला. आपल्याकडे 6 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कर्नाटकच्या खटल्यात निर्वाळा दिला, की खासगी विनाअनुदानित शाळांवर सरकार मातृभाषेच्या माध्यमाची सक्ती करू शकत नाही. माध्यमाची निवड हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. अमेरिकेत तर कुटुंबमूल्ये आणि शाळेची निवड या दोन गोष्टी एका दमात मागणाऱ्या संस्था राज्याराज्यांत आहेत. सरकारचा पैसा शाळेला न देता मुलाच्या मागे जाऊ द्या, ही त्यांची मुख्य मागणी. अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी 1955 मध्ये ही कल्पना मांडली आणि 1990 मध्ये मिलवॉकी शहरात ती प्रत्यक्षात आली. दिल्लीच्या सेंटर फॉर सिव्हिल सोसायटीने 2007 पासून तीच मागणी भारतात लावून धरली.

महाराष्ट्रात या धाटणीची संस्था शोधायला गेले तर जवळची म्हणून मराठी अभ्यास केंद्राकडे बोट दाखवावे लागेल. तिचा सूर वेगळा आहे, पण पालकांना हाक घालण्याची रीत तीच. मराठी शाळांत मुले घालणाऱ्या पालकांची संमेलने केंद्राने मुंबईत भरवली. ‘तुम्ही एकटे नाही’ हे त्यांना सांगितले. इंग्रजी माध्यमाच्या लाटेत मराठी शाळा निवडणाऱ्या घराला नातेवाइकांचे टोमणे खावे लागतात, हे ज्यांनी भोगले आहे त्यांना या धीराची किंमत कळेल. 2025 च्या उन्हाळ्यात तर पालकांच्या एकजुटीची ताकद साऱ्या राज्याने पाहिली. 16 एप्रिलला सरकारने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य करणारा निर्णय काढला. ओरड झाल्यावर 17 जूनला त्याची भाषा मवाळ केली. तरीही लोक हटले नाहीत. मराठी अभ्यास केंद्राचे दीपक पवार, शिक्षणतज्ज्ञ, साहित्यिक, पालक आणि पक्ष असे सगळे उभे राहिले आणि 29 जूनला दोन्ही निर्णय मागे घेऊन नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. अडीच महिन्यांत सरकार झुकले.

हे यश छोटे नाही. पण त्यानेच एक प्रश्न उभा केला आहे. मुलांवर काय लादू नये, यासाठी आपण रस्त्यावर उतरलो. मुलांना काय मिळालेच पाहिजे, यासाठी कोण उतरते?

उत्तर नाशिक जिल्ह्यातच आहे. इगतपुरी तालुक्यातील दरेवाडी हे भाम धरणामुळे विस्थापित झालेल्या लोकांचे गाव. 2022 मध्ये तिथली जिल्हा परिषदेची शाळा बंद केली गेली आणि मुलांना लांबच्या शाळेत जा म्हणून सांगण्यात आले. ऑक्टोबरात ही मुले एल्गार कष्टकरी संघटनेचे भगवान मधे यांच्यासोबत नाशिकला जिल्हा परिषदेवर चालत आली. पाठीवर दप्तरे आणि सोबत शेळ्या. मागणी एका ओळीची होती: दप्तर घ्या, बकऱ्या द्या. शाळा देणार नसाल तर निदान राखायला बकऱ्या तरी द्या. मुख्यालयाच्या दाराशी दप्तरे आणि जनावरे एकत्र पाहून अधिकाऱ्यांची तारांबळ उडाली, राज्यभर बातमी झाली आणि प्रशासनाला पावले मागे घ्यावी लागली.

दरेवाडीच्या आईबापांनी निवडीचा हक्क हे शब्द उच्चारले नाहीत. तरी त्यांच्याइतका नेमका अर्थ त्याचा कोणी सांगितलेला नाही. धरणाने गाव गेले, शेत गेले, आता शाळाही गेली तर घरापुढे दोनच वाटा उरतात: पोरगी लांबच्या शाळेत धाडायची किंवा शेळ्यांमागे. मुलींच्या बाबतीत पहिली वाट बहुतेकदा आपोआप बंद होते. ताटात एकच भाकरी वाढून ‘हवे ते घ्या’ म्हणावे, तसा हा प्रकार आहे.

दरेवाडी अपवाद असती तर गोष्ट वेगळी होती. 2023 च्या सप्टेंबरात शिक्षण आयुक्तालयाने 20 पेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागवले. पानशेत आणि तोरणमाळचे दाखले दिले गेले. अशा शाळांची संख्या राज्यात सुमारे 15 हजार. त्यातल्या बहुतेक वाड्या, पाडे आणि तांड्यांवरच्या. त्या बंद करणार नाही, असे सरकार सांगत राहिले. पण शिक्षक दिला नाही, वर्गखोली दुरुस्त केली नाही की पट आपोआप घटतो आणि मग ‘मुलेच नाहीत’ हे कारण तयार होते. समूह शाळेत प्रयोगशाळा असेल, संगणक असेल, खेळाचे शिक्षक असतील, हे मान्य. दोन शिक्षकांनी चार इयत्ता ओढण्यात मुलांचे भले नाही, हेही मान्य. पण पहिलीतल्या मुलाला गाडीत बसवून डोंगराच्या पलीकडे पाठवायचे आणि पावसाळ्यात ओढ्याला पूर आला की शाळा बुडवायची, हा त्यावरचा तोडगा नव्हे. शिक्षणहक्क कायद्याखालील राज्याच्या नियमांनी पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा सांगितली, ती काही उगाच नाही. सहा वर्षांच्या पायांना झेपेल एवढेच ते अंतर आहे.

दुसरी गोष्ट द्राक्षांच्या हंगामाची. निफाड-दिंडोरीच्या बागांत आज काढणी जोरात आहे. छाटणीपासून काढणीपर्यंत या बागांत राबणारे अनेक हात पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरकडचे. नवरा-बायको जोडीने कामाला येतात. मूल सोबत आणले तर त्याची शाळा सुटते, आजीजवळ पाड्यावर ठेवले तर आई सुटते. कुटुंबमूल्यांचा कैवार घेणाऱ्या कुठल्याही संस्थेने आपल्या विषयपत्रिकेवर पहिला प्रश्न हा लिहायला हवा. पाड्यावरचे घर दर हंगामाला मोडते, ते शाळेच्या कुठल्या विचारसरणीमुळे नव्हे. रोजगार एकीकडे आणि शाळा दुसरीकडे, एवढेच त्याचे कारण.

आदिवासी विकास विभागाने नामांकित इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळांत आदिवासी मुलांना पाठवण्याची योजना आणली, तीही या संदर्भात पाहावी. या विभागाचे आयुक्तालय नाशिकलाच आहे. मोठ्या शाळेत, इंग्रजीतून, सरकारी खर्चाने शिकण्याची संधी मिळते म्हणून आईबाप अर्ज करतात आणि त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार शहरातल्या कोणालाही नाही. मात्र पहिलीतले मूल वसतिगृहात जाते आणि दिवाळीला, मे महिन्यात घरी येते. पाड्याजवळच चांगली शाळा असती तर याच आईबापांनी काय निवडले असते, हे त्यांना कोणी विचारलेच नाही. आणि इथे आपल्या भाषाप्रेमालाही एक अवघड जागा आहे. सुरगाण्याच्या कोकणा घरातल्या मुलाला पुस्तकातली मराठी ही शाळेत गेल्यावर भेटणारी भाषा असते. ‘मातृभाषेतून शिक्षण’ म्हणताना आपण त्याच्या बोलीचा विचार करतो का? 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने घरच्या भाषेतून शिकवण्याची शिफारस केली आहे. त्या घरांत डोंगरावरची घरेही येतात.

आता शहरात येऊ. गंगापूर रोड असो, इंदिरानगर असो की सिडको, इथल्या पालकाला शाळांची ददात नाही. राज्य मंडळ, सीबीएसई, आयसीएसई, सेमी, पूर्ण इंग्रजी, सगळे हजर. पण ही निवड शेवटी खिशाच्या मापाने होते. सातपूर-अंबडच्या कारखान्यात कंत्राटावर असणारा बाप पोटाला चिमटा काढून फी भरतो, कारण शेजारच्या महापालिकेच्या शाळेवर त्याचा भरवसा उरलेला नाही. तो इंग्रजीच्या मोहाने वेडा झाला आहे, असे म्हणणे सोपे आहे आणि खोटे. भरती असो, प्रवेश परीक्षा असो की साधा ग्राहक सेवेचा फोन, इंग्रजी अडते ती त्याच्यासारख्यांचीच. ज्या समाजांना शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्यांनी इंग्रजीकडे मुक्तीची वाट म्हणून पाहिले तर त्यात चूक काय? राज्याने 2000 साली पहिलीपासून इंग्रजी विषय सुरू केला आणि पुढे जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांत सेमी इंग्रजीचे वर्ग निघाले, ते याच आकांक्षेला उत्तर म्हणून. मराठीच्या चळवळीने इंग्रजी चांगली शिकवणारी मराठी शाळा उभी करून दाखवली, तर या बापाला भाषणे द्यावी लागणार नाहीत. नाशिकमध्ये विनोदिनी काळगी आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये सुरू केलेल्या आनंद निकेतनने मराठी माध्यमात राहून हे करता येते, हे दाखवले आहे. पण अशा शाळा बोटांवर मोजण्याइतक्या आणि मोजक्या घरांच्या आवाक्यातल्या. महापालिकेच्या शाळेत तेवढे प्रेम आणि तेवढी शिस्त आली, तर खरी निवड सुरू होईल.

गरिबाला खासगी शाळेचे दार उघडावे म्हणून शिक्षणहक्क कायद्याने 25 टक्के जागा राखल्या. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. सरकार शाळेला त्या मुलांच्या शुल्काची प्रतिपूर्ती करते, म्हणजे फ्रीडमन यांची कल्पना आपल्याकडे मागच्या दाराने आलीच आहे. पण 9 फेब्रुवारी 2024 रोजी राज्य सरकारने नियम बदलून फर्मान काढले, की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला हे प्रवेश द्यायची गरज नाही. पालक आणि संघटना न्यायालयात गेल्या. मे महिन्यात उच्च न्यायालयाने स्थगिती दिली आणि 19 जुलैला तो बदल घटनाबाह्य ठरवून रद्द केला. यातली विसंगती पाहा. दरेवाडीला सरकार सांगते, जवळची शाळा विसरा, लांब जा. शहरातल्या गरिबाला सांगते, जवळ सरकारी शाळा आहे ना, मग तिकडेच जा. दोन्हीकडे एक किलोमीटरचे माप सरकारच्या सोयीने वापरले गेले.

पालकांच्या हातात काहीच नाही, असेही नाही. अनुदानित आणि सरकारी शाळेच्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. सरकारी शाळेत विकास आराखडा करणे, अनुदानाचा विनियोग पाहणे हे त्यांचे काम. खासगी शाळेत शुल्क नियमन कायद्यानुसार पालक-शिक्षक संघातून चिठ्ठ्या टाकून कार्यकारी समिती निवडायची असते आणि शाळेने शुल्कवाढीचा प्रस्ताव वर्ष सुरू होण्याच्या किमान सहा महिने आधी तिच्यापुढे ठेवायचा असतो. प्रत्यक्षात काय घडते, हे वाचकांना सांगायला नको. व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्तावर शिपाई घरी येऊन सही घेऊन जातो. कार्यकारी समितीच्या चिठ्ठ्या कधी टाकल्या, हे पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपला कळत नाही. जूनमध्ये नवा फीचा तक्ता हातात आला की मग आरडाओरड सुरू होते, तेव्हा प्रस्तावाची मुदत कधीच उलटलेली असते. त्यात एकट्या पालकाची तक्रार कायद्याला पुरेशी वाटत नाही, सोबत आणखी पालक जमवावे लागतात. नाशिकमध्ये शिक्षण बाजारीकरण विरोधी मंचाने शुल्कवाढीविरुद्ध पालकांना एकत्र आणले, तेव्हा हेच दिसले. मागे हटणाऱ्यांचे कारण एकच असे: आपल्या मुलाला शाळेत त्रास नको.

या शहराचा इतिहास मात्र मागे हटण्याचा नाही. 1914 मध्ये मराठा विद्या प्रसारक समाज उभा राहिला तो खेड्यांतल्या शेतकऱ्यांच्या पोरांना नाशकात डोके टेकायला जागा नव्हती म्हणून. उदाजी महाराज वसतिगृहाच्या कोनशिलेला 1920 मध्ये राजर्षी शाहू महाराज आले. ज्या राजाने 1917 मध्ये आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि मुले न पाठवणाऱ्या पालकांना दंड ठेवला, तोच राजा नाशिकच्या मुलांच्या राहण्याखाण्याची सोय पाहायला आला. 1937 मध्ये दादासाहेब बिडकरांनी डांग सेवा मंडळ काढून शाळा डोंगरात नेली. यांपैकी कोणीही पालकांना निवडीचे उपदेश केले नाहीत. त्यांनी जिथे शाळा नव्हती तिथे शाळा आणि जिथे छप्पर नव्हते तिथे छप्पर उभे केले. पालकांची निवड त्यातून जन्मली. 1882 मध्ये महात्मा फुले यांनी हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षणावर खर्च करा, ते सक्तीचे करा, असा आग्रह धरला, त्याचाही रोख हाच होता.

म्हणून कुटुंबाच्या नावाने, भाषेच्या नावाने किंवा पालकांच्या हक्काच्या नावाने राज्यभर काम करणाऱ्या प्रत्येक संस्थेला आमचे सांगणे आहे. तुमच्या मागण्यांच्या यादीत पहिली ओळ अशी असू द्या: वाडी-पाड्यावरची एकही शाळा पालकांना विचारल्याशिवाय बंद होणार नाही. दुसरी: स्थलांतरित मजुरांच्या मुलांची शाळेची आणि राहण्याची सोय हंगाम सुरू होण्यापूर्वी झालेली असेल. तिसरी: सरकारी आणि महापालिकेच्या शाळेत पुरेसे शिक्षक आणि चांगले इंग्रजी मिळेल. हिंदीच्या सक्तीविरुद्ध जी एकजूट दिसली तिच्यातली निम्मी जरी या तीन ओळींमागे उभी राहिली, तरी मराठीच्या गौरवाला वेगळ्या सोहळ्याची गरज पडणार नाही.

आणि वाचकहो, तुमच्यासाठीही एक छोटे काम आहे. येत्या आठवड्यात आपल्या मुलाच्या शाळेत जा. व्यवस्थापन समितीची किंवा पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीची नावे मागा, मागच्या बैठकीचे इतिवृत्त वाचायला मागा आणि पुढच्या बैठकीची तारीख लिहून घ्या. तुमचे मूल शाळेत नसेल तर गल्लीतल्या महापालिकेच्या शाळेत जा आणि तिथल्या मुख्याध्यापकांना विचारा, काय कमी आहे. कुसुमाग्रजांना वाहायची फुले त्यानंतर वाहिली तरी चालतील.